माझ्या पोटातला खातेदार

माझं पोट हा गेली अठरा वर्षं सार्वजनिक विषय आहे. माणसं एकमेकांना भेटली की पाऊसपाण्याची चौकशी करतात, मला भेटली की पोटाची करतात. सकाळी शाखेचं शटर वर गेलं की आमचे हेडकॅशियर नाना स्ट्राँगरूमच्या किल्ल्या खुळखुळवत येतात आणि माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे पाहत विचारतात, "काय, आज कसं काय?" मीही त्या बटणावर हात ठेवून सांगतो, "ठीक आहे, पण भरल्यासारखं वाटतंय." एवढं झालं की नाना समाधानानं कॅश मोजायला बसतात. मी कधी चुकून "एकदम झकास" म्हणालो, तर त्या दिवशी त्यांच्या कॅशमध्ये नक्की फरक पडेल.

माझ्या तक्रारीत खरं म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं. जेवून उठलो की बरगड्यांच्या बेचक्यात कुणीतरी मंद आचेवर दूध तापत ठेवल्यासारखं वाटतं. मग ढेकर सुरू होतात. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे एवढंच सांगेन की रात्रीचं जेवण सकाळी माझ्या खात्यावर 'मागील पानावरून पुढे' म्हणून आलेलं असतं. त्यात सकाळच्या चहाची रक्कम मिळवायची आणि बेरीज दुपारच्या डब्याकडे ओढायची. हे खातं अठरा वर्षांत एकदाही पुरतं बंद झालेलं नाही.

अशा माणसाला सल्ल्याची ददात नसते. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनर मंडळींची रांग लागली की पैसे घेणं हे दुय्यम काम होऊन बसतं. एक निवृत्त हेडमास्तर खिशातून ओव्याची पुरचुंडी काढून काउंटरच्या काचेखालून आत सरकवतात. पाठीमागच्या आजी म्हणतात, "ओव्यानं काय होतंय? बेंबीत हिंग भरा." त्यांच्यामागचे दुधाच्या डेअरीवाले गृहस्थ ताकावर ठाम असतात. एकानं मला उपाशीपोटी गार दूध सांगितलं, दुसऱ्यानं तेच विष आहे म्हणून बजावलं. दोघांचीही आमच्याकडे मुदत ठेव असल्यामुळे मी दोघांचंही ऐकलं आणि तीन दिवस रजा घेतली.

पाण्याचा विषय तर निघाल्याशिवाय राहत नाही. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही दुखण्याचं मूळ शेवटी पाण्यात सापडतं. माझ्या बदल्या झाल्या त्या ओघानं मी जिल्ह्याचं सगळं पाणी प्यालो आहे. पाथर्डीत होतो तेव्हा म्हणाले, "इथलं पाणी जड, राहुरीला गेलात की मुळेच्या पाण्यानं बरं वाटेल." राहुरीला गेलो तर म्हणाले, "हे कालव्याचं पाणी, तुम्ही अकोल्याला पाहिजे होतात. भंडारदऱ्याचं पाणी म्हणजे दगड पचवील." अकोल्यालाही तीन वर्षं काढली. दगडाचं माहीत नाही, मला साधा वरणभात पचला नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या खातेदारानं मात्र सत्य सांगितलं. "साहेब, पाणी चांगलंच हाय. तुमचं मडकंच गळकं हाय."

घरात या विषयाचं गांभीर्य थोडं वेगळं होतं. कारण माझं पोट ही वडिलार्जित मिळकत होती.

आमचे आबा शेवगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांना पोटशूळ होता. मला लहानपणचे आबा आठवतात ते बहुधा पुढे वाकलेले, पोटाशी उशी धरून पहाटे ओसरीवर बसलेले. कुणी म्हणे, मास्तर फार तापट आहेत, डोक्यातला राग पोटात उतरतो. कुणी म्हणे, चहा फार पितात. पण बहुमत होतं ते ठेच्याच्या विरुद्ध. माझ्या आईच्या हातचा ठेचा आमच्या भावकीत नावाजलेला होता. तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजायचा, वर मीठ नि शेंगदाणे टाकायचे आणि तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायचा. आबा बाजरीच्या भाकरीबरोबर तो रोज खात. एकदा फार कळ आली तेव्हा ते भरल्या घरात आईला म्हणाले, "तुझ्या ठेच्यानं माझं पोट जाळलं." माणूस कळवळलेला असताना काय बोलतो त्याचा हिशेब कुणी ठेवू नये. पण आईनं ठेवला.

१९८७ साली आबांचं नगरला ऑपरेशन झालं. मी आठ वर्षांचा होतो. अल्सर होता. पोटाकडे जाणारी नस कापली आणि जठराला आतड्याशी नवी वाट जोडून दिली. त्या काळात जगभर असंच करत, त्यात कुणाचं काही चुकलं असं नाही. ऑपरेशननंतर दूधभात, मऊ खिचडी, तिखट वर्ज्य. त्या दिवसापासून आमच्या घरात ठेचा बंद झाला. आबा लग्नकार्यात पंगतीला बसले की शेजारच्या पानातल्या ठेच्याकडे, जप्तीत गेलेल्या जमिनीकडे शेतकरी बघतो तसे बघत. २००९ मध्ये ते हृदयविकारानं गेले. त्यांच्या पेन्शनच्या खात्याला आई होती, पोटाच्या खात्याला मात्र त्यांनी मला नॉमिनी लावलं होतं. आबा गेले तरी ठेचा काही परत आला नाही. मी बँकेत लागून चार वर्षं झाल्यावर पोटाची पहिली तक्रार केली होती, त्या वेळी आई काही बोलली नव्हती. तिनं फक्त भाजीतल्या दोन मिरच्यांची एक केली होती.

असो. गेल्या दिवाळीत फराळाच्या दोन चकल्या आठ दिवस माझ्याबरोबर राहिल्या, तेव्हा आमच्या हिनं फर्मान काढलं, "अहो, पुरे झाला तो ओवा. आता कॅमेरा घालून बघा."

सावेडीतल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे नाव लावलं. सकाळी उपाशीपोटी गेलो. घशात एक कडू फवारा मारला, त्यानं जीभ आणि धैर्य दोन्ही बधिर झाले. डाव्या कुशीवर निजवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकची चकती दिली आणि डॉक्टर म्हणाले, "गिळा." आयुष्यात मी बरंच काही गिळलं आहे. ऑफिसरचे शब्द गिळले, प्रमोशनची परीक्षा दोनदा नापास झाल्यावर अपमान गिळला, पण दुर्बीण गिळण्याची ही पहिलीच वेळ. चारपाच मिनिटांत खेळ आटोपला.

बाहेर आलो तर डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन. काही नाही. अल्सर नाही, गाठ नाही. जराशी सूज आहे."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खट्टू झालो. अठरा वर्षं ज्या शाखेबद्दल एवढी बोंब आहे तिथं ऑडिटर जावा आणि 'किरकोळ त्रुटी' असा शेरा मारून चहा पिऊन परत यावा, तसं झालं. पेन्शनरांच्या रांगेला आता मी तोंड कसं दाखवणार होतो? डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीला दिसेल असं काही नसतं, तरी माणसाला वर्षानुवर्षं अपचन असतं. असे पेशंट पुष्कळ. त्रास खराच असतो. पण थांबा, आतला एक कण काढून तपासायला ठेवलाय."

तो कण त्यांनी एका पिवळ्या पदार्थाच्या छोट्या खणात टाकला होता. आम्ही बोलत होतो तोवर पिवळ्याचा गुलाबी झाला. हळदीकुंकवाला शोभेल असा रंग. डॉक्टर खूष होऊन म्हणाले, "बघा, तुमच्या पोटात जंतू आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी."

इथून पुढे डॉक्टरांनी मला जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते माझ्या पद्धतीनं सांगतो. वैद्यकशास्त्राच्या पदवीधरांनी क्षमा करावी, हा कॉमर्सचा विद्यार्थी आहे.

आपल्या जठरात इतकं जहाल आम्ल असतं की तिथं कुठला जंतू तगणार नाही, अशी डॉक्टर मंडळींची वर्षानुवर्षं समजूत होती. हा पठ्ठ्या मात्र तिथंच राहतो. कसा? तर यूरियावर! आपल्या रक्तात आणि जठररसात थोडा यूरिया असतोच. हा जंतू तो यूरिया फोडतो, त्यातून अमोनिया तयार होतो, अमोनिया आम्लाला मारतो आणि हा आपल्याभोवती स्वतःपुरतं सौम्य हवामान तयार करून जठराच्या बुळबुळीत अस्तरात घुसून बसतो. खणातला पिवळा रंग गुलाबी झाला तोही या अमोनियामुळेच. हे ऐकल्यावर मला जंतूबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. खरिपात आमच्या जिल्ह्यातला शेतकरी यूरियाच्या दोन गोण्यांसाठी पहाटेपासून दुकानासमोर रांग लावतो आणि याचा कोटा बसल्याजागी घरपोच!

शिवाय हा खातेदार आजचा नाही. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हाच तो त्याच्या पोटात बसून निघाला, त्याला झाली अंदाजे ५८ हजार वर्षं. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात तो राहिलेला आहे आणि आपल्याकडे तर निम्म्याहून अधिक. केवायसी नाही, आधार नाही, फोटो नाही, तरी खातं चालू. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा घाण पाण्यातून लागतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. थोड्यांना अल्सर होतो, त्याहून थोड्यांना जठराचा कॅन्सर. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ साली त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात बसवलं. आयुष्यात पहिला वर्ग मला मिळाला नाही, माझ्या जंतूला मिळाला.

त्याच्या शोधाची कथा मात्र मी नानांना शाखेत सांगितली तेव्हा त्यांनी नोटा मोजायचं मशीन बंद केलं, यावरून तिची थोरवी कळावी.

ऑस्ट्रेलियात पर्थ म्हणून शहर आहे. तिथल्या इस्पितळात रॉबिन वॉरन नावाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे तुकडे बघण्याचं काम करत. ११ जून १९७९ रोजी एका तुकड्यावर त्यांना वाकडेतिकडे जंतू दिसले. तो त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता. माझ्या बेचाळिसाव्या वाढदिवसाला मी काय केलं हे आठवून पाहिलं. सर्व्हर डाऊन होता म्हणून दिवसभर स्टूलावर बसलो होतो आणि संध्याकाळी केकनं पोट बिघडलं होतं. वॉरनचं म्हणणं सहकाऱ्यांना फारसं पटेना. पुढे १९८१ साली बॅरी मार्शल नावाचा तिशीतला तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा चंग बांधला. बशीत नमुना ठेवायचा आणि दोन दिवसांत काही उगवलं नाही की फेकून द्यायचा, असं चाललं होतं. १९८२ च्या एप्रिलात ईस्टरची जोडून सुट्टी आली, बश्या तशाच राहिल्या. पाच दिवसांनी येऊन बघतात तो जंतूंचं पीक उभं! त्याला उगवायला वेळ लागत होता इतकंच. बँकेला फार सुट्ट्या असतात अशी ओरड करणाऱ्यांनी ही हकिकत लिहून ठेवावी. जोडून सुट्टी नसती तर विज्ञान अडून बसलं असतं.

तरी जग ऐकेना. अल्सर काळजीनं होतो, तिखटानं होतो, आम्लानं होतो, हे इतकं ठरून गेलेलं होतं की जंतूला कुणी दारात उभं करेना. ग्रीसमध्ये मिसोलोंगी गावचे लायकूदिस नावाचे एक साधे डॉक्टर १९५८ पासून अल्सरवाल्यांना जंतुनाशक औषधं देऊन बरं करत होते, तर १९६८ साली त्यांना चार हजार द्राख्मांचा दंड झाला. नाना म्हणाले, "सर्क्युलर यायच्या आधी काम केलं की असंच होतं." शेवटी १९८४ साली मार्शलनं काय करावं? आधी स्वतःच्या पोटात दुर्बीण घालून पोट निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग जंतूंचा एक पेला सरळ पिऊन टाकला! बायकोला आधी सांगितलं नाही. आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास येऊ लागला, दुर्बिणीत सूज दिसली, सुजेत जंतू सापडले. मग बायकोला कळलं आणि औषध सुरू झालं. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळालं. वॉरन २०२४ च्या जुलैत वारले. जंतूचं बारसंही मध्यंतरी दोनदा झालं, आधी कॅम्पिलोबॅक्टर म्हणायचे, १९८९ साली हेलिकोबॅक्टर केलं. नाव बदलल्यावर शिक्के, फॉर्म, पासबुकं यांचं काय होतं ते आम्हा अहिल्यानगरकरांना २०२४ पासून चांगलंच ठाऊक आहे.

आता मुख्य प्रश्न. जंतू सापडला, तो मारला की माझं अपचन जाणार का? मी डॉक्टरांना स्वच्छ विचारलं. डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, "अल्सर असता तर छातीठोकपणे हो म्हणालो असतो. नुसत्या अपचनाचं तसं नाही. जगभरच्या पाहण्यांची बेरीज केली तर असं दिसतं, की तुमच्यासारख्या साधारण चौदा जणांना हे औषध द्यावं तेव्हा, एरवीही ज्यांना बरं वाटलंच असतं ते सोडून, एक जास्तीचा माणूस बरा होतो."

मी मनातल्या मनात भागाकार केला. चौदात एक म्हणजे सात टक्क्यांच्या किंचित वर. मुदत ठेवीचा दर याच्या आसपासच असतो! मी म्हणालो, "डॉक्टर, रोज काउंटरवर बसून मी लोकांना याच दराला पैसे गुंतवा म्हणून सांगतो. स्वतः नाही कसं म्हणू?" ते हसून म्हणाले, "शिवाय पुढे अल्सर व्हायचा धोका जातो, कॅन्सरचा कमी होतो." म्हणजे व्याज सात टक्के आणि वर मुद्दलाला संरक्षण. मी सही केली.

कोर्स चौदा दिवसांचा. सकाळ-संध्याकाळ आम्ल कमी करणारी एक गोळी, क्लॅरिथ्रोमायसिनची एक आणि अमॉक्सिसिलिनच्या दोन कॅपसूल. रोज आठ, चौदा दिवसांच्या एकशे बारा. पोलिसांना बोलवायचा नंबर तोच आहे, हा योगायोग मला शुभ वाटला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकही चुकवायची नाही. अर्धवट मारलेला जंतू शहाणा होतो, मग तेच औषध त्याला लागू पडत नाही. आपल्याकडे लोकांनी मनाला येईल तशा गोळ्या खाऊन काही औषधं आधीच बोथट करून ठेवलीत." थकीत कर्जाचंही तेच आहे. दोन हप्ते माफ केले की कर्जदार शहाणा होतो.

तिसऱ्या दिवसापासून तोंडात एक चमत्कारिक कडवट चव आली. चहा, भात, पाणी, सगळ्याला तीच चव. मी विचार करत होतो की ही आपल्या ओळखीची आहे, पण कुठली? पाचव्या दिवशी नानांनी दानपेटीची चिल्लर मोजायला घेतली आणि वासासरशी आठवलं. एक-दोन रुपयांची नाणी! जणू एखाद्या देवस्थानची चिल्लर मी हातानं मोजण्याऐवजी जिभेनं मोजली होती. सातव्या दिवसापासून पोट ढिलं झालं. मी दर दोन तासांनी काउंटरवर 'कृपया शेजारच्या खिडकीत जावे' ही पाटी ठेवून जाऊ लागलो. रांगेतले पेन्शनर समजूतदारपणे म्हणत, "जंतूवर गेलेत."

घरी आमच्या हिनं माझा पेला वेगळा केला. मला एकदम लॉकरधारक झाल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी तिला फोनवर समजावलं की मोठ्या माणसांत सहसा तो असा पटकन लागत नाही आणि कुणाला काही त्रास नसेल तर उगाच सगळं घर तपासत बसू नका. तिनं ऐकलं, पण पेला वेगळाच राहिला.

कोर्स संपल्यावर महिनाभर थांबायचं, त्यातले शेवटचे दोन आठवडे आम्लाची गोळीसुद्धा बंद ठेवायची आणि मग जंतू खरोखर गेला की नाही ते तपासायचं. ही तपासणी मी पुण्याला जाऊन केली. त्यांनी आधी एका पिशवीत फुंकर मारायला लावली, मग पेल्यातून काहीतरी प्यायला दिलं. मी विचारलं, "काय आहे?" पोरगी म्हणाली, "यूरिया." मी प्यालो. जंतू असला तर तो यूरिया फोडतो, त्यातला खुणेचा कार्बन फुंकरीतून बाहेर येतो आणि चोर सापडतो. अर्ध्या तासानं पुन्हा फुंकर. परतीच्या एसटीत शेजारी सुप्याचा एक शेतकरी होता. "पुण्याला काय काम काढलं?" म्हणाला. मी म्हणालो, "यूरिया प्यायला गेलो होतो." तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "पाव्हणं, कर्ज किती हाय? असलं काय मनात आणू नका." त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत केडगाव आलं.

रिपोर्ट आला. जंतू नाही. ५८ हजार वर्षांचं खातं चौदा दिवसांत बंद!

पोटाचं म्हणाल तर रुपयातले सहा आणे फरक आहे. जेवण आता पुढच्या पानावर कमी वेळा जातं. सकाळी भूक लागते, ही भावना मी जवळजवळ विसरलो होतो. पण जळजळ अजून अधूनमधून हजेरी लावते. डॉक्टर म्हणतात, पूर्ण अंदाज यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. त्या चौदातला एक मी की उरलेल्या तेरातला, हे अजून कळायचं आहे.

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा उठता उठता मी डॉक्टरांना आबांच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आता खात्रीनं कसं सांगणार? पण जठराच्या पुढच्या भागातला अल्सर असेल तर त्या काळच्या अशा दहा पेशंटांपैकी नऊ जणांमागे हाच जंतू असायचा. आणि तुम्हालाही तो बहुधा लहानपणी घरातूनच आला असेल."

"आणि ठेचा?"

"ठेच्यानं आधीच असलेलं दुखणं झोंबतं. अल्सर ठेच्यानं होत नाही."

घरी आलो. आई ओसरीवर मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि जमेल तसं सगळं सांगितलं. जंतू, पर्थ, ईस्टरची सुट्टी, पेला. ती ऐकत होती की नाही कळेना, हात चालूच होते. मी म्हणालो, "आबांनाही हाच असणार असं डॉक्टर म्हणाले."

हात थांबले. "म्हणजे ठेच्यानं नव्हतं?"

"नव्हतं, आई."

"तवाच्या डॉक्टरनं तर सांगितलं व्हतं."

"त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पर्थमध्ये पाच वर्षं आधी कळलं होतं, पण जगात कुणी मानत नव्हतं. आपल्याकडे कुठून येणार?"

ती थोडा वेळ मेथीच्या काडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "अडतीस वर्सं झाली रे." आणि उरलेली मेथी तशीच टाकून आत गेली. मला वाटलं, उगाच सांगितलं. जुनी नोंद उकरून काढली की ऑडिटमध्ये नेहमी घोटाळाच होतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी शाखेतून घरी आलो तर गल्लीच्या तोंडालाच ठसका लागला. दारात आमची ही पदर नाकाला लावून उभी. आत तव्यावर तांब्याचं बूड खरडत असल्याचा आवाज. तो आवाज मी आठव्या वर्षांनंतर आमच्या घरात ऐकला नव्हता. आईनं पहिली बाजरीची भाकरी काढली, तिच्यावर ठेच्याचा एक गोळा ठेवला आणि ताट आबांच्या फोटोसमोर नेऊन ठेवलं. आमच्याकडे फोटोला नैवेद्य म्हणजे दूधभात. त्या दिवशी आबांना ठेचा मिळाला. फोटोतला माणूस हसतो असं मी म्हणणार नाही, बँकेत राहून माणूस इतकं बेहिशेबी बोलत नाही. पण त्यांच्या फोटोसमोर उभ्या असलेल्या आईचा चेहरा मी पाहिला.

मग ती दुसरं ताट घेऊन माझ्यासमोर आली. "खा. आता तुझा जंतू गेलाय ना?"

मी खाल्ला. एक नाही, दोन भाकरी. अठरा वर्षांत मी दोन भाकरी खाल्ल्या नव्हत्या. चव अशी, की मला आबांचं ते पंगतीतलं बघणं पहिल्यांदा समजलं.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"झकास."

"पोटात काही होतंय?"

रात्री अकरापर्यंत बरगड्यांच्या बेचक्यात नगरच्या उन्हाळ्यातला मे महिना सुरू झालेला होता. मी अंधारात उठून गार पाणी प्यालो, उशी पोटाशी धरली आणि ओसरीवर जाऊन बसलो, आबा बसायचे तसाच. आतून आईचा आवाज आला, "काय रे, झोपला नाहीस?"

"काही नाही. गरम होतंय म्हणून बसलोय," मी म्हणालो.

मार्शलनं पेला प्यायचा बेत बायकोला आधी सांगितला नव्हता, त्याला नोबेल मिळालं. माझी तेवढी अपेक्षा नाही. पण काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी माझं पोट अगदीच वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी नाना किल्ल्या खुळखुळवत आले, चौथ्या बटणाकडे पाहत म्हणाले, "काय, आज कसं काय?"

मी म्हणालो, "एकदम झकास."

त्या दिवशी त्यांच्या कॅशमध्ये चौदा रुपये कमी आले.